चालू : होय

झोम्बाच्या कॉलेजात, ग्रंथालयामागच्या खोलीत
एकोणीस जण आणि सात लॅपटॉप,
त्यातल्या एकाचं एंटरचं बटण रुसलेलं.
न्यिरेन्डा बाईंनी भिंतीवर तक्ता उघडला :
जिल्ह्यातले हातपंप, चार हजार दोनशे अकरा ओळी.
"वाचू नका," म्हणाल्या, "नुसतं खाली जात राहा.
कंटाळा येऊ द्या.
कंटाळ्याच्या अलीकडे काही दिसत नाही."

गेलो खाली.
गाव, वर्ष, खोली, चालू : होय.
चालू : होय. चालू : होय.
मध्येच एखादा रकाना कोरा.
अतुपेले तिथे शून्य भरायला गेली
तर बाईंनी तिचं मनगट धरलं,
तव्याकडे झेपावणाऱ्या पोराचं धरावं तसं.
"शून्य म्हणजे कुणीतरी मोजून आलंय.
कोरं म्हणजे अजून माहीत नाही.
माहीत नाही, हे लपवू नका."

सव्वाअकराला वीज गेली.
"बरं झालं," बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच ओळी व्हा."
अंगणात उभं केलं सगळ्यांना :
घरापासून पाणी जितकं लांब
तितकं भिंतीपासून लांब.
चिकोंदी दोन मिनिटं. त्याच्या घरी नळ आहे
हे आम्हाला वर्षभरात पहिल्यांदा कळलं.
तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.
मग बारा, वीस, पंचवीस.
बरोबर मधोमध, दहावा, लिंबानी.
त्याला मध्यक म्हणतात असं कळल्यावर
दिवसभर त्याला त्याच नावाने हाका.
मी सगळ्यांत शेवटी, कुंपणाला टेकून :
एकशे दहा मिनिटं, रांग धरून.
माझ्या एकटीमुळे सरासरी वर चढली
आणि मला उगाच वाटलं,
मी सगळ्यांच्या पाण्यात माती कालवली.

वीज आली. मी माझं गाव शोधलं.
म्तेंगुला. चालू : होय.
मतेंगूला. होय.
म्टेंगुला, नावामागे एक जागा सुटलेली. होय.
आणि नुसतंच टेंगुला, डोकं उडालेलं. होय.
कागदावर आमच्याकडे चार पंप,
आणि आई पहाटे साडेतीनला बादली उचलते.

एकच नाव निरनिराळे कपडे घालून येतं
तेव्हा त्याला ओळखायचं कसं, हे त्या दुपारी शिकलो.
एक कळ दाबली, चार गावांचं एक झालं.
जिल्ह्यातले तीनशे सदुसष्ट पंप
असेच विरघळले.
टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी नाक शिंकरलं.
"आता हे बंद करा," बाई म्हणाल्या, "आणि जाऊन बघा."

शनिवारी मिनीबसने, पुढे भाड्याच्या सायकलवर मागे बसून
मी माझ्याच गावात गेले,
वहीत प्रश्न लिहून, परक्यासारखी.
पंप होता. दांडा नव्हता.
सावलीला एक कोंबडी पाय दुमडून बसली होती.
एनिफा मावशीला विचारलं, कधीपासून बंद?
"बंद कुठे? मोजायला आले त्या दिवशी चालू होता.
आदल्या रात्री पलीकडच्या गावचा दांडा आणला,
सांजेला परत नेला.
तूच तर त्यांना चहा नेऊन दिलास, पोरी."

दिला होता.
आठवलं : पांढऱ्या गाडीच्या काचेत
मी स्वतःचे दात बघत होते,
हातात बिस्किटांचा अख्खा पुडा.
तो मी कुणालाही दिला नाही.

सोमवारी बातमी लिहायला बसलो.
स्रोत कोण, बाईंनी विचारलं.
एनिफाचं नाव लिहिलं,
थोड्या वेळाने त्याखाली माझं.
बाईंनी ते खोडलं नाही.
पेन्सिलीने समोर एवढंच लिहिलं : तारीख?

तारीख मला आठवत नाही.
तो रकाना
मी कोरा ठेवला आहे.