साडेतीन आटे

पहाटे पावणेपाचला
चिमणपुऱ्याच्या उतारावर
लोखंडी चावी दगडाला घासत यायची.
कळायचं, दस्तगीरभाई आले.

साडेतीन आटे आमच्या गल्लीला,
वरच्या आळीला सव्वाचार,
कारण तिथं चढ आहे
आणि शेडगेकाकूंचं तोंड आहे.
हे नगरपालिकेच्या कुठल्याच नकाशात नव्हतं.

मग गल्ली उकरली, तिसऱ्यांदा.
निळे पाइप, मीटर, चोवीस तास पाणी.
फलकावर निधीचा आकडा,
त्याखाली हात जोडलेले सात फोटो.
कंत्राटदाराच्या पोरांना जुनी लाइन सापडेना.
तेव्हा दस्तगीरभाईंना घरून आणलं;
रिटायर होऊन वर्ष झालं होतं.
त्यांनी चपला काढल्या,
अनवाणी चार पावलं चालले,
म्हणाले, इथं. हातभर खाली.

तिथंच होती.

आता पाणी येतं, केव्हाही येतं.
खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.
नळावर भेटायच्या त्या बायका
हल्ली कुणाच्या तरी लग्नात भेटतात,
साड्या बघतात एकमेकींच्या.

फक्त पावणेपाचला जाग येते.
उठून नळ सोडते उगाच,
बादली न लावता.
मीटरचा काटा हलतो,
मग बंद करते.