टरफलं

आरोपपत्रात लिहिलंय: कोळंबी, सातशे ग्रॅम.
डब्यासकट तोलली, ते नाही लिहिलं.
आणि कोळंबी नव्हतीच ती. टरफलं होती.
डोकी, मिशा, शेपट्यांची सालं,
दिवसभर आमच्या बुटांखाली जी चिरडतात
आणि संध्याकाळी ट्रॅक्टर नेऊन खड्ड्यात ओततो.
पडवेकर सुपरवायझर म्हणाला होता, ने की, मला काय.
चौकशीत त्याला ते आठवलं नाही.
त्याच्या पोरीचं लग्न आहे मे महिन्यात, मी समजू शकते.
नाही. खरं तर नाही समजू शकत.

माडाच्या बुंध्यात घालायची होती.
आठ दिवस वास मारतो, मग माड धरतो.
हे सांगितलं तर लिहून घेणाऱ्याने विचारलं,
माड कोणाच्या नावावर?

चौदा वर्षं बर्फाच्या पाण्यात हात.
नखांच्या कडा पांढऱ्या, आतून फुगलेल्या,
रात्री हळद लावायची, पहाटे परत मिरजोळ्याची गाडी.
दर महिन्याला विम्याचे पैसे कापले पगारातून.
नोकरी गेली तर तीन महिने थोडं काही मिळतं म्हणे.
खिडकीतल्या माणसाने कागद बोटाने परत सरकवला:
"गैरवर्तनावरून काढलंय. तुम्ही बसत नाही यात."

गैरवर्तन.
घरी येऊन मोठ्याने म्हणून पाहिलं, भांडी घासताना.
शाळेच्या दाखल्यावर शेरा आहे, वर्तन: चांगले.
सातवीचा दाखला, पत्र्याच्या पेटीतला.
तोच जोडला अपिलाला.
वहाळकर वकीलबाई हसल्या, पण काढून नाही टाकला.

सुनावणीचे साहेब तरुण, घाटावरचे.
"टरफल आणि माल, फरक कसा ओळखायचा?"
आता हे कसं सांगायचं? हात आपोआप वर आले.
अंगठा मानेखाली, एक पीळ, डोकं बाजूला,
पोटाकडून उघडायचं, शेपटीला चिमटा,
पाठीतला काळा दोरा एका ओढीत बाहेर.
हातात काही नव्हतं.
तरी सात-आठ सोलून डावीकडे ठेवल्या,
टरफलं उजवीकडे, त्यांच्या टेबलावर.
साहेबांनी फाईल जराशी मागे घेतली.
मग तारीख दिली. अठ्ठावीस.

तिथून सरळ मिरकरवाड्याला उतरले.
बिल्किस होडेकर बसली होती पाटी घेऊन.
पाव किलो दे, म्हटलं, आणि पावती.
"पावती? कोलंबीची? खुळी झालीस काय गो अनसूया?"
दे. कशावर पण लिही.
तिने तंबाखूच्या पुडीचा कागद फाडला,
पेन बर्फवाल्याकडून आणलं,
पाव किलो, पैसे पावले, सही.
अक्षरं फुटली ओल्या बोटांनी, पण वाचता येतात.

घरी जाऊन सोलणार आहे.
टरफलं वेगळी तोलणार आहे,
डब्याशिवाय.