कोन बिमार हाय?

घाटंजी-यवतमाळ, सकाळची सव्वासहाची गाडी.
कोण कुठं उतरणार, मला तिकिटाआधीच कळतं.
मांडीवर पातळ पिशवी असेल
आणि आत लाल, गोल काही दिसत असेल
तर मी विचारत नाही.
मेडिकलच्या गेटाचं तिकीट काढते.

आमच्याकडं हे फळ झाडाला लागत नाही.
बोरं लागतात, टेंभरं लागतात, कवठ लागतं,
सीताफळ तर कुंपणातून स्वतःच हात पुढं करतं.
ते खायला तब्येतीची अट नसते.
सफरचंद लागतं ते शब्बीर बागवानाच्या गाड्याला,
स्टँडच्या तोंडाशी, जांभळ्या कागदात,
आणि घेऊन कुणी गावात शिरलं
की पहिल्याच ओट्यावरून आवाज:
“कोन बिमार हाय व?”
नेवारे डायवरची बायको एकदा
नुसतं मन झालं म्हणून अर्धा किलो घेऊन गेली.
संध्याकाळपर्यंत सात जण भेटून गेले.
एकीनं तर डोक्यावर हात ठेवून ताप पाहिला.

तिसऱ्या सीटवर ठवरे गुरुजी.
ते सांगतात, या फळानं जगात फार उलाढाल केली.
एका बाईनं तोडलं, नवऱ्याला दिलं,
दोघंही बागेबाहेर.
“ग्रंथात नुसतं फळ म्हटलंय,
चितारणाऱ्यांना लाल रंग पाहिजे होता.”
सोन्याच्या एकासाठी तीन देवी भांडल्या
आणि माणसं दहा वर्षं मेली.
एक नुसतंच खाली पडलं,
तर बघणाऱ्याला झोप येईना.
आता अर्धं चावलेलं एक
गुरुजींच्या पोराच्या फोनवर आहे, हप्ते चालू आहेत.

मी म्हटलं, गुरुजी, त्या बागेत सीताफळ असतं तर?
गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले,
“दोघं बियाच थुंकत बसले असते.
पापाची गोष्ट दुपारवर गेली असती.”

तानबा आत्राम साखरा फाट्यावर चढायचा.
अकरा दिवस, रोज दोन सफरचंदं.
बायको भरती होती, काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.
सोबत लहान पोट्टी.
ती फळावरचं गोल स्टिकर नखानं सोडवायची
आणि कपाळावर लावायची, टिकली म्हणून.
अकराव्या दिवशी सकाळी ती म्हणाली,
“माय म्हन्ते, तिच्याले बी एक लाव.”

जाताना पिशवी भरलेली, येताना रिकामी,
या रस्त्याचा हिशेब एवढाच.
त्या दिवशी दुपारच्या गाडीला
तानबा एकटाच चढला. पोट्टी मावशीजवळ, मागून येणार होती,
गाडीत नाही, दुसऱ्या गाडीत,
ज्या गाडीला तिकीट नसतं.
पिशवी भरलेली होती.
गाडीतल्या सगळ्यांनी ती पाहिली
आणि मग सगळे बाहेर बघायला लागले,
बाहेर पऱ्हाट्या उपटलेलं काळं वावर, दुसरं काही नाही.

फाट्यावर उतरताना त्यानं पिशवी माझ्या सीटवर ठेवली.
“बाई, तुमच्याजवळच राहू द्या.
गावात नेलं त लोक इचारतीन, कोन बिमार हाय.”
पायरीवर थांबला.
“आता कोनीच नाई.”

तीन फेऱ्या पिशवी सीटखाली होती.
नेवारेनं घेतलं नाही. मीही नाही.
वास मात्र डिझेलच्या वासावर बसून राहिला,
गोड, थोडा थंड,
दूरच्या कुठल्या तरी डोंगराचा.

शेवटच्या फेरीला एक पोट्टं,
खांद्याला चप्पल अडकवलेलं,
“बाई, एक देता का?”
“बिमार हायस का?”
“नाई. भूक लागली.”
त्यानं दोन्ही खाल्ली, मधल्या भागासकट,
बिया खिडकीतून थुंकल्या, एक एक.
उगवणार नाहीत. आमची माती तशी नाही.
मी तरी पुढचा दगड बघून ठेवला,
किलोमीटर सतरा.