अर्धा मार्क

एकतीस वर्षं मी फळ्यावर नदी काढली.
वर डावीकडं कासारी, मधे कुंभी,
खालून भोगावती, तुळशीला काखोटीला मारून,
आणि सरस्वती तुटक रेघेनं,
कारण ती दिसत नाही.
प्रयाग चिखलीला एक गोल.
तिथनं पुढं जाड रेघ, पार नरसोबाच्या वाडीपर्यंत,
आणि मग डस्टर.

पाण्यात मी कधी उतरलोच नव्हतो.

एकसष्टी झाली. डॉक्टर म्हणाले, गुडघे वाचवायचे तर पोहा.
पंचगंगा घाटावर, पहाटे साडेपाचला,
पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मी खालच्या पायरीवर,
आणि शिकवायला कोण,
तर इर्शाद मुजावर,
दहावी ब, शेवटून दुसरा बाक,
भूगोलात छत्तीस.

"सर, तोंड मिटा, हात सोडा.
पायरी काय पळून जात नाही."
पायरी मी तीन आठवडे सोडली नाही.
शेजारी पोरं उलट्या उड्या मारत होती,
पलीकडं म्हशी माझ्यापेक्षा बऱ्या पोहत होत्या,
आणि चौगुलेअण्णा, वय अठ्ठ्याहत्तर,
पाण्यावर उताणे पडून
काल साखर कारखान्यात काय झालं ते सांगत होते.

चौथ्या आठवड्यात कधीतरी
डबा सुटला. मी नाही बुडालो.
म्हणजे बुडालो, पण वर आलो.

मग मेमधल्या एका रविवारी ते मला चिखलीला घेऊन गेले.
पोरं ट्रकच्या ट्यूबवर,
माझ्यासाठी कुणाच्यातरी गुऱ्हाळातली काहील,
बुडाशी अजून गुळाचा वास.
काहिलीत उकिडवा बसून मी माझ्याच नकाशातनं निघालो.
वल्हं नाही. इर्शाद मागनं ढकलत होता.

फळ्यावर जिथं गोल काढायचो
तिथं गोल काहीच नव्हतं.
नुसतं रुंद, गढूळ, संथ पाणी,
काठावर गळ टाकून एक म्हातारा,
त्याला आमच्याकडं बघायलाही वेळ नाही.

"सर, उतरा. दोन्ही हात पसरा."
उतरलो. डावा हात कोमट,
उजवा दंडापासून गार, झोंबणारा.
"राधानगरीतनं पाणी सोडलंय. उजवीकडं भोगावती.
डावीकडं कासारी. दोघी अजून नीट बोलत नाहीत."
मी तसाच राहिलो,
आडवा, हात पसरून,
दोन नद्यांच्या मधे कुणीतरी टाचलेला.
एकतीस वर्षांत हे एकाही पुस्तकात नव्हतं,
आणि असतं तरी मी ते
'पाठ करा' म्हणूनच सांगितलं असतं.

खाली येता येता शिवाजी पूल दिसला.
वरनं एक पोरगं ओरडलं, "ओ काका, गूळ झाला का?"
घाट आला. मी म्हटलं, अजून जरा पुढं जाऊ.
इर्शादनं काहील धरली.
"पुढं नको, सर. पुढं जयंती मिळते."

तेव्हा आठवलं.
सहामाहीचा पेपर, प्रश्न तिसरा,
पंचगंगेच्या पाच नद्या लिहा.
यानं चार बरोबर लिहिल्या होत्या
आणि पाचवी: जयंती नाला.
मी लाल शाईत फुली मारली होती,
वर्गात वाचून दाखवलं होतं,
पोरं बाकावर मुठी आपटून हसली होती.
तोही हसला होता, थोडा उशिरा.

"का रे लिहिलं होतंस तसं?"
"आमचं घर नाल्याकडंला, सर.
पावसाळ्यात दारात यायची.
सरस्वती कधी आली नाही."

ओल्या काहिलीतनं मी बाहेर पडलो,
म्हणजे चौघांनी मला बाहेर काढलं.
पायरीवर बसून टॉवेल पिळला.
पेपर कधीच रद्दीत गेला असेल.
तरी म्हटलं, अर्धा मार्क देतो.
इर्शाद ट्यूबमधली हवा सोडत होता.
मान वर न करता म्हणाला,
"राहू दे की सर.
उद्या बिगरडब्याचं या."