डेड स्टॉक रजिस्टर, पान एक्केचाळीस

साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत परत या भुसावळला,
चारच हॉल्ट, त्यांत मोजण्यासारखं असून असून काय असणार.

पळसखोरे हॉल्ट.
शेड एक. पत्रे नऊ, पैकी दोन उडालेले.
बाक एक, सिमेंटचं. उचलता येत नाही म्हणून अजून आहे.
तिकीटखिडकी एक, हात जाईल, मान जाणार नाही, अशी.
तारखेचा ठसा मारायचं यंत्र एक.
दांडा दाबून पाहिला. शाई नव्हतीच,
माझ्या कोऱ्या कागदात नुसता खड्डा पडला तारखेचा,
बोट फिरवलं तर लागतो.

रूळ माझ्या आधीच कुणी मोजून नेले.
खडीत स्लीपरांच्या जागा तेवढ्या दिसतात,
जिना आडवा पाडून ठेवावा तशा,
पार क्षितिजाला कपाशी लागेपर्यंत.

रुबाब तडवी माझ्या मागे मागे.
एकतीस वर्षं फाटक लावलं, उघडलं.
आता फाटक नाही, तरी तिथं आले की थांबतात,
दोन्हीकडे बघतात, मगच ओलांडतात.
मीही बघितलं.

"लिखी ल्या बाई," ते म्हणाले, "पानी."
पाणी कुठल्या रकान्यात लिहू चाचा?
मग खाली बसून सांगू लागले.
कोळशाचं इंजिन होतं तोवर
गावात कुणी बाळंत झाली की दाई हंडा घेऊन यायची फलाटावर,
ड्रायव्हर बॉयलरचं गरम पाणी सोडायचा,
गार्ड वहीत लिहायचा: उशीर चार मिनिटं. कारण लिहायचा नाही.
वीस-बावीस पोरं न्हाली त्या पाण्यानं,
एक त्यांचा स्वतःचा, तो आता सुरतेला असतो.
मग डिझेल आलं.
"डिझेलना पोटमा काय शे? तेल."
हॉल्ट बंद पडला तो त्या दिवशी, असं त्यांचं म्हणणं.
फायलीत तारीख नंतरची आहे, आणि कारण: उत्पन्न.

माझा बाप लोको शेडात फिटर होता.
शेड पाडली त्यानंतर तो दूध आणायला
लांबच्या रस्त्यानं जायचा. आईनं कधी विचारलं नाही.
हे मी चाचांना का सांगितलं, माहीत नाही.

नावाची पाटी: जागेवर नाही.
ती भुसावळच्या स्टोअरात आहे, मी पाहिलीय,
साखळदंडांच्या ढिगापलीकडे
सगळ्या हॉल्टांच्या पाट्या एकीवर एक, पालथ्या.
एकमेकांत मुली देताना जी गावं
लांब पडतं हो, म्हणायची,
त्यांच्यात आता एका पत्र्याचं अंतर.
चाचांनी बराच वेळ विचार केला.
"आमनं वर शे का खाले?"
मधे, मी म्हटलं. खरं तर बघितलं नव्हतं.

घंटा: रुळाचा तुकडा, टांगता, एक.
नोंदीत आहे. शेडच्या आढ्याला तारही आहे.
तुकडा नाही.
चाचा चपलेचा अंगठा नीट करू लागले, तो नीटच होता.

सव्वाचार झाले असतील.
गावातून ठोके आले, तीन, थोडं थांबून दोन.
चाचा घरी नसले की सून वाजवते, हे मला रिक्षावाल्यानं नंतर सांगितलं.
रानात वाकलेल्या बाया सरळ झाल्या,
एकीनं कमरेवर हात ठेवून पदराखालून पाहिलं,
जामनेरकडून काही येत नव्हतं,
आणि त्या पुन्हा वाकल्या.

आवाज पुरता विरेपर्यंत पेन धरून बसले.
मग लिहिलं: आढळून आली नाही.
चाचांनी अक्षर अक्षर जुळवत वाचलं, मोठ्यानं,
आणि म्हणाले, बराबर.

बाकापुढच्या रकान्यात
आधी लिहिलेलं 'निरुपयोगी' खोडलं.
बसलेच होते मी त्याच्यावर.

अजून तीन हॉल्ट बाकी.
रिक्षावाला हॉर्न मारत होता.