बुटातला बिल्ला

हजर: पाच. गैरहजर: पाद्रीबुवा, खिंडीत बर्फ.
गणसंख्या पुरी आहे, असं मी लिहिते;
पेनातली शाई आधी हीटरवर धरावी लागते.

हेरिंग गेली तेव्हा गाव निम्मं झालं.
उरलेल्यांनी खारवणाची शेड झाडली,
पिंपं, सुऱ्या, मेणकापडाचे एप्रन मांडले,
दारावर पाटी ठोकली: संग्रहालय.
मग मंडळ नेमलं.
मासे संपले की माणसांना मंडळं सुचतात.

एकोणीस वर्षं किल्ल्या थोरगिल्सच्या कमरेला.
छप्पर गळलं तर त्यानंच चढायचं,
दुसरं कुणी चढलं तर त्यानंच रुसायचं.
बैठकीत तो बोले, आणि आम्ही
खिडकीतून फ्योर्डचं पाणी चढताना बघत बसू.
दोघी सोडून गेल्या. एकीनं कारण दिलं: गुडघा.
तिचा गुडघा ठणठणीत होता.
मी गुडघा लिहिला.

इतिवृत्तात तेवढंच बसतं.
इतिहासात तर तेवढंही नाही.
दोन्ही शब्द 'इति'पासून निघतात,
'असं' म्हणतात,
आणि कसं ते गिळून टाकतात.

मागच्या शरदात खजिनदार स्वानबोर्गनं
कपाटातला रबरी बूट काढून टेबलावर ठेवला.
तिची आई पिंप भरलं की हाक मारायची,
कुणी येऊन बुटात पत्र्याचा बिल्ला टाकायचा,
शेवटी बूट उलटा करून पैसे मोजायचे.
"आता प्रत्येकाला तीन," ती म्हणाली,
"बोललं की एक बुटात. संपले की ऐकायचं."
सूचक ती. अनुमोदन माझं.
थोरगिल्सनं विरोध केला,
पहिला बिल्ला त्यातच गेला.
दुसरा पाटीच्या रंगावर.
तिसरा, आपण रंगाविषयी बोलतच नव्हतो, हे सांगण्यात.

मग इतकं शांत झालं
की छपराचं पाणी बादलीत पडताना
सगळ्यांना एकदम ऐकू आलं.
आणि एयोल्फुर, सहा वर्षं नुसती मान हलवणारा,
म्हणाला, "पत्रे आहेत माझ्या कोठारात.
कुणी विचारलंच नाही."

ख्रिसमसच्या आधी बुटात एक परका बिल्ला निघाला.
बिस्किटाच्या डब्याचा, कात्रीनं कापलेला,
कडा अजून बोचऱ्या, वर अर्धं मांजर.
थोरगिल्सचे कान लाल.
स्वानबोर्गनं त्याला नोंदवहीत क्रमांक दिला,
काचेखाली ठेवला, शेजारी चिठ्ठी:
बनावट. स्थानिक कारागिरी.
गुन्नवोरच्या विणकामाचे टाके सुटले हसून.
आधी मात्र तोच हसला होता,
हे नोंदवायला हवं.

आजचा विषय: रिकामी खुर्ची.
नाव सुचवलं: बोगुमिवा, फिश फॅक्टरीतली,
अकरा वर्षं इथे, काच ओलांडून कधी आत नाही.
"ती इथली नाही," थोरगिल्स. (एक बिल्ला.)
"माझी आई तरी कुठे होती?" स्वानबोर्ग.
"एक ट्रंक घेऊन उतरली धक्क्यावर.
ती ट्रंक तू रोज पुसतोस."
बोगुमिवा दारात उभी होती, शिफ्टवरून सरळ आलेली.
टांगलेल्या एप्रनकडे बघत म्हणाली,
"हा उलटा आहे.
असा बांधला तर सगळं पाणी बुटात जातं."

एकोणीस वर्षं.
शाळांच्या सहली, राजदूत, एक टीव्हीवाला,
सगळ्यांना आम्ही उलटा एप्रन दाखवला.

थोरगिल्सनं शेवटचा बिल्ला
बराच वेळ बोटांत फिरवला.
"छपरावर चढता येतं?"
"येतं. शिडी तू धरायची."
ठण्. बुटात.

ठराव एकमतानं मंजूर.
किल्ल्यांचा दुसरा जुडगा करून घ्यावा,
खर्च किरकोळीत टाकावा.
एप्रन सुलटा केला; खिळा तोच.

बैठक साडेनऊला संपली.
माझे तिन्ही बिल्ले मुठीतच राहिले,
चिटणीस लिहिते, बोलत नाही,
अशी इथली रीत.
पुढच्या बैठकीत एक टाकणार आहे.
गुडघ्याबद्दल.