कोरं मलम

उंदीर धरणं हे माझं काम.
मानेमागची कातडी चिमटीत, शेपूट करंगळीखाली,
आणि बोलत राहायचं काहीबाही,
म्हणजे त्याचा श्वास जरा खाली बसतो.
घाटंजी रोडवरच्या फार्मसी कॉलेजात एकोणीस वर्षं
मी हेच करतो. पगारपत्रकात मी 'परिचर'.

यंदा कंबरमोडी होती.
बांधावरची, नालीकाठची, कॉलेजच्या गेटातलीही,
लांब दांडीवर पिवळं बटण उभं करून
खाली पाय पसरून बसणारी.
सोयाबीन कापताना बोटाला विळा लागला
की तिचा पाला चोळून रस पिळायचा,
वरून लुगड्याची चिंधी.
एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.
मॅडमना ते पार्बता आत्रामनं सांगितलं,
आणि प्रबंधात ती झाली
'स्थानिक माहितीदार, स्त्री, वय अंदाजे ५५'.
त्यातला 'अंदाजे' तेवढा पार्बताचा.

पाला सावलीत वाळवला जुन्या पेपरांवर,
कापसाच्या भावावर, निधनवार्तांवर.
मिक्सरमधून काढला, सात दिवस स्पिरिटात भिजवला,
आटवून उरलं ते डांबरासारखं, हिरवंकाळं.
पोतंभर पाल्याचं वाटीभर.

चार गट, सहा-सहा उंदीर.
पिक्रिक ॲसिडची पिवळी खूण
कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर,
हळदीला बसवल्यासारखे सगळे.
मग गुंगी. पाठ भादरणं.
आणि नाण्याएवढी कातडी मॅडम उचलून घ्यायच्या.
हात थरथरत नसे त्यांचा.
पहिल्या दिवशी मात्र जेवणाचा डबा
न उघडताच घरी नेला.

एका गटाला बाजारचं मलम,
दोन गटांना पाल्याचं, कमी अन् जास्त,
आणि एकाला कोरं. नुसतं मेण अन् व्हॅसलीन.
"ह्यांनी काय पाप केलं, मॅडम?"
"ते नसले तर बाकीच्यांचं खरं कसं कळेल, सुरपाम?"

चौथ्या, आठव्या, बाराव्या दिवशी
जखमेवर पारदर्शक कागद, पेनानं काठ काढायचा,
मग आलेखाच्या चौकटी मोजायच्या. ते माझ्याकडे.
पाल्यावाल्यांच्या चौकटी
एप्रिलातल्या बोडीसारख्या आटत गेल्या.
सुजेचं वेगळं: पंजात सुई टोचून सूज आणायची
आणि तो पंजा पाऱ्याच्या नळीत बुडवायचा.
पारा जितका चढला तितकं दुखणं.
बाकी दुखण्याचं माप आमच्याकडे नाही.

त्यातच कोऱ्या मलमाचा चार नंबर मला चावला.
आरपार, नखाशेजारी.
मॅडम डेटॉल घेऊन धावल्या. मी म्हटलं,
"मॅडम, मी कोणत्या गटात?"
त्या हसल्या, मग रागावल्या, मग मला
सरकारी दवाखान्यात धनुर्वाताच्या सुईला पाठवलं.
येताना गेटातला पाला मीही चोळला.
बोट सातव्या दिवशी साफ.
सुईनं की पाल्यानं?
दोन्ही केलं, म्हणून माझं बोट
कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

आणि कोऱ्या गटाच्याही जखमा भरल्या.
उशिरा, वेड्यावाकड्या, पण भरल्या.
मॅडमनी तेही लिहिलं. न लिहिता चाललं नसतं, म्हणाल्या.

पार्बताला सांगायला मी तिच्या गावी गेलो.
तुरीत निंदायला लागली होती, रोजानं.
"काकू, तुह्या पाल्यानं उंदरं लवकर बरे झाले."
"बरं झालं बापा. मंग कुठी हायेत आता?"

कसं सांगू,
की भरलेली कातडी आतून किती घट्ट विणली
हे पाहायला ती पुन्हा कापावी लागते,
आणि या खेपेला गुंगीतून कुणी उठत नाही.
चार नंबरलाही मीच धरलं होतं.
बोलत होतो त्याच्याशी काहीबाही.

"हायेत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं,
आणि पुन्हा वाकली.
तिच्या विळ्यापुढं कंबरमोडीच होती, ओळभर.
तिथं ती तण. तिला उपटण्याचीच मजुरी.
उपटत गेली, मागं फेकत गेली.
चार पानं तेवढी ओच्यात खोचली,
हातात विळा होता म्हणून.